शशीकाका आणि बेडफर्डची विहीण

शशिकांत दुसाने तुम्हाला भेटले तर पहिल्या पाच मिनिटांत तुमचा चष्मा काढून घेतील. परवानगी वगैरे विचारणार नाहीत. "डावीकडे उतरलाय," असं म्हणून काड्या बोटांत धरून वाकवतील, शर्टाच्या टोकाला काचा पुसतील आणि चष्मा पुन्हा तुमच्या नाकावर ठेवतील. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या हाय स्ट्रीटवरच्या एका चष्म्याच्या दुकानात त्यांनी सगळी नोकरी काढली. डोळे तपासणारी माणसं वेगळी असायची. फ्रेम निवडून देणं, मापं घेणं, कानामागे नीट बसवून देणं हे काकांचं काम. त्यामुळे माणसांचे चेहरे फार जवळून बघायची त्यांना सवय लागली, आणि चेहरा जवळून दिसला म्हणजे माणूस कळला असा त्यांचा समज झाला. तो समज किती कच्चा आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते आहे.

मी कस्तुरी. नोकरीसाठी पुण्याहून इकडे आले तेव्हा पहिला हिवाळा काकांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं काढला. तेव्हा मंजिरीकाकू होत्या. त्यांनी मला गरम पाण्याच्या पिशवीपासून कौन्सिल टॅक्सपर्यंत सगळं शिकवलं. पुढे काकू गेल्या, मी दोन गल्ल्या सोडून स्वतःचं घर घेतलं, आणि काकांची विचारपूस करायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. तक्रार नाही. पण काकांच्या सहवासाला सोशीकपणा लागतो आणि तो माझ्याकडे मुळातच कमी आहे.

रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर फेसबुकवर भांडतात. काकांनी लायब्ररीच्या वरच्या मजल्यावरचा एक ग्रुप धरला. दर मंगळवारी काही निवृत्त मंडळी तिथे जमतात आणि इटालियन विचारवंत वाचतात. डग्लस नावाचे इतिहासाचे जुने शिक्षक तो चालवतात. काका तिथे गेले होते ते खरं म्हणजे चालण्याच्या क्लबची चौकशी करायला. पण खोली गरम होती, बिस्किटं बरी होती, आणि डग्लसचा चष्मा उतरलेला होता. काका बसले ते बसलेच.

तिथे त्यांना पाचशे वर्षांपूर्वीचा फ्लॉरेन्सचा एक दफ्तरदार भेटला, ज्याचं नाव आज लोक शिवीसारखं वापरतात. राज्य कसं मिळवावं आणि मिळालेलं कसं राखावं, हे त्यानं आडपडदा न ठेवता लिहून ठेवलं होतं. त्याच काळातला एक दरबारी भेटला. त्याचं म्हणणं असं, की काम कितीही कष्टाचं असो, ते सहज जमल्यासारखं दिसलं पाहिजे. घाम दाखवू नये. एक मुत्सद्दी भेटला, तो पोटातलं ओठावर येऊ न देण्यात पटाईत. आणि गेल्या शतकातला, तुरुंगात बसून लिहिणारा एक आजारी माणूस भेटला. खरी सत्ता काठीनं नाही, सवयीनं चालते, असं त्याचं सांगणं. माणसाला वाटतं मी हे माझ्या मर्जीनं करतोय, आणि तो ते जन्मभर करत राहतो. हा शेवटचा काकांना सगळ्यांत आवडला. मला फोन करून म्हणाले, "कस्तुरी, केवढी आयडिया आहे बघ. पोलीस लागतच नाही!"

हळूहळू आमच्या मराठी मंडळाला हा नाद ठाऊक झाला. गणपतीच्या मीटिंगमध्ये अध्यक्षपदावरून दरवर्षीप्रमाणे जुंपली, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "इटलीत म्हणतात, खेळ संपला की राजा आणि प्यादं एकाच डब्यात जातात." आमचा सेक्रेटरी स्वानंद बेसिंगस्टोकहून गाडी हाकत आलेला, उपाशी होता. तो म्हणाला, "अगदी खरं काका. पण तो डबा वर्षभर कुणाच्या गराजमध्ये ठेवायचा तेवढं आज ठरवू या. मखर माझ्याकडे आता मावत नाही." सगळे हसले, काकाही हसले.

सुरुवातीला मलाही मजा वाटायची. नंतर कंटाळा येऊ लागला. बॉयलर बिघडला तरी काकांकडे एक इटालियन तयार. काकू असत्या तर "पुरे झालं तुमचं" म्हणून त्यांनी विषय बदलला असता. घरात "पुरे" म्हणणारं माणूस नसलं की बोलणं असं वाढत जातं.

काकांना एकच मुलगी, ईशिता. फिजिओथेरपिस्ट आहे, रेडिंगला मैत्रिणींबरोबर राहायची. जन्म इथलाच. मराठी बोलते, अगदी बिनधास्त बोलते. लिंग आणि विभक्ती वाटेत सांडत जातात त्याची तिला पर्वा नाही. गेल्या ईस्टरला तिनं सांगितलं की ती लग्न करते आहे. मुलाचं नाव मातेओ, शाळेत भूगोल शिकवतो, बेडफर्डचा. बेडफर्डला इटालियन लोकांची मोठी वस्ती आहे. विटांच्या भट्ट्यांवर काम करायला दक्षिण इटलीतून माणसं आणली होती, ती तिथेच रुजली. मातेओचे आजोबा त्यातले.

काकांना आकाश ठेंगणं झालं. जावई इटालियन! त्यांना वाटलं देवानंच मंगळवारचा गृहपाठ तपासायला घेतला आहे. पण दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आले ते चेहरा पाडून.

"कस्तुरी, विहीण आहे."

"असणारच की काका. मुलाला आई असते."

"तसं नाही गं. एकटी आहे. नवरा नाही, मातेओ एकुलता एक. म्हणजे सगळं तिच्याच हातात."

विहीण हा शब्द काकांच्या तोंडून असा आला, जसा दुसरा कुणी इन्कम टॅक्स म्हणेल. त्याला कारण होतं. काका मूळचे नंदुरबारचे. त्यांची थोरली बहीण शहाद्याला दिलेली. तिच्या लग्नात पंगतीला विहिणीच्या पानाभोवती रांगोळी काढायची राहिली, आणि विहीण रुसून पानावरून उठली. काकांच्या वडिलांनी सगळ्या मांडवासमोर हात जोडले. त्यानंतर वडील मुलीला भेटायला जात ते स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. पुष्कळांनी ती केव्हाच सोडली होती, वडिलांनी मात्र हट्टानं धरली. ओसरीवर बसायचे, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचे, मुलीची ख्यालीखुशाली विचारायचे आणि उन्हातून परत निघायचे. लहानगे शशिकांत बरोबर असायचे. "बापानं हात जोडले, पण मिंधा झाला नाही," असं काका अजून अभिमानानं सांगतात. बरोबरच्या पोराला त्या उन्हात तहान लागत असेल की नाही, हे मी एकदा विचारलं होतं. त्यावर त्यांनी विषय बदलला.

थोड्या दिवसांनी खरी गोष्ट कळली. आम्ही थेम्सच्या काठानं चालत होतो. मातेओच्या आईनं, रोझेत्तानं, आपल्या घराचा वरचा मजला मुलाला आणि सुनेला देऊ केला होता. काका बदकांकडे बघत म्हणाले, "माझ्याकडेपण वरच्या दोन खोल्या आहेत."

"मग सांगा ना ईशिताला."

"वेडी आहेस का? मागणारा खाली आणि देणारा वर, हा जगाचा नियम आहे. मी गरज दाखवली की ती बाई जिंकली. मी आपला मजेत आहे, मला घरातली शांतता आवडते, असं दाखवायचं. मला थेम्स आहे, मंगळवार आहे, मंडळ आहे. मग पोरांना आपणहून वाटेल की बाबांकडे राहू. आपली मर्जी म्हणून येतील."

"आणि नाही वाटलं तर?"

"वाटेल. अवघड गोष्ट सहज दिसली पाहिजे."

मी म्हटलं, काका, ही पोरगी आहे, फ्लॉरेन्स नव्हे. पण ऐकतो कोण. काकांना मुलगी जवळ हवी होती, बाकी काहीही नको होतं, आणि तेवढंच सोडून ते सगळं बोलत होते.

गंमत म्हणजे ईशितानं विचारलंसुद्धा. फोनवर म्हणाली, "बाबा, लग्नानंतर आम्ही थोडे दिवस तुझ्याकडे राहिलो तर?" ज्या वाक्यासाठी माणूस देव पाण्यात घालून बसला होता, ते वाक्य आयतं चालून आलं. आणि काकांनी उत्तर काय द्यावं? "इटलीत म्हणतात, पाहुणा आणि मासा, तिसऱ्या दिवसापासून दोघांना वास येतो!" वर मोठ्यानं हसले. हे त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. एकदम हो म्हटलं असतं तर हावरट दिसलो असतो, म्हणाले.

"ती काय म्हणाली?"

"हसली की."

जूनमधल्या एका रविवारी रोझेत्तानं आम्हाला जेवायला बोलावलं. काकांना मोटरवे नको वाटतो, म्हणून गाडी मी चालवत होते, आणि मुलीकडची बाईमाणूस म्हणून मी मिरवणारही होते. एम-वनवर काकांनी सर्व्हिसेसच्या थांब्यावर गाडी थांबवायला लावली. मला वाटलं टॉयलेटला जायचं असेल. तर त्यांनी पिशवीतून फॉइलमध्ये गुंडाळलेल्या दशम्या काढल्या, शेंगदाण्याची चटणी काढली, आणि गाडीत बसून व्यवस्थित जेवायला सुरुवात केली.

"काका, आपल्याला जेवायला बोलावलंय."

"हो हो. थोडा आधार असावा पोटाला."

त्यांच्या पिशवीत पाण्याची मोठी बाटलीही होती. मी पाहिली. तेव्हाच मला उमजायला हवं होतं, पण मी रेडिओवर बातम्या लावत होते.

रोझेत्ता ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बोलायला फटकळ. सगळी नोकरी शाळेच्या किचनमध्ये, मुलांना वाढण्यात गेलेली. बोलणं पक्कं बेडफर्डचं. काका दारातच तिच्या नाकाकडे बघत म्हणाले, "युअर ग्लासेस, डावीकडे उतरलाय," आणि तिचा चष्मा काढून घेतला. मी डोळे मिटले. पण रोझेत्तानं तो पुन्हा घातला, मान इकडेतिकडे हलवून बघितली आणि म्हणाली, "वर्षभर तो माझ्या गालावर टेकत होता. कुणी सांगितलंच नाही!" म्हटलं, झालं, जिंकलं.

मग टेबलावर बसलो. आणि त्या माउलीनं काय केलं नव्हतं! भरलेल्या मिरच्या, ऑलिव्ह, दोन प्रकारचं लझान्या: एक मटणाचं, एक काका शाकाहारी असतील तर म्हणून पालकाचं. तिनं मोठ्या चमच्यानं पहिला तुकडा काकांकडे नेला, आणि काकांनी ताटावर हात आडवा धरला.

"नो थँक यू. मी जेवून आलोय."

"थोडंसं."

"नो, रियली."

"बरं नाही का तुम्हाला?"

"उत्तम आहे."

चमचा हवेत तसाच राहिला. ईशितानं बापाकडे बघितलं, मातेओनं आईकडे. काका मंद हसत होते. अगदी दरबारी हसू, घाम न दिसणारं. मग त्यांनी पिशवीतून आपली बाटली काढली आणि स्वतःचं पाणी प्यायले. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्यांच्या वाटचंही जेवले; मटणाचं घेतलं, पालकाचं घेतलं, दोनदा मागून घेतलं. काही उपयोग झाला नाही. रोझेत्ता शेवटी शेवटी माझ्याशीही बोलेनाशी झाली. निघताना तिनं काकांशी हात मिळवला तोही ओला, भांडी विसळता विसळता.

आठवड्याच्या मधेच ईशिताचा फोन आला. रडत नव्हती. संतापली होती.

"कस्तुरीताई, आय ॲम सो एम्बॅरस्ड. रोझेत्तानं दोन दिवस कुकिंग केला. दोन दिवस! आणि बाबानं एक घास पण नाही खाल्ली. तिला वाटतं तिच्या हाताचा खायला त्याला डिस्गस्टिंग वाटतं. मातेओ त्याला आवडत नसेल तर तोंडावर सांग ना. दिस इज जस्ट क्रुएल."

"अगं तसं नाही. ती एक जुनी पद्धत..."

"कसली पद्धत? मला कधी नाही सांगितला. आणि ही इज फाइन विदाउट मी एनीवे. मी विचारलं होता त्याला, आम्ही तुझ्याकडे राहू का. ही कॉल्ड मी अ फिश."

फोन ठेवला आणि तशीच काकांकडे गेले. माझा पारा चढलेला होता. काका स्वयंपाकघरात एकट्यापुरती खिचडी टाकत होते.

"का जेवला नाहीत?" मी विचारलं.

त्यांना वाटलं मी समजून घेईन. त्यांनी तांब्या सांगितला, शहादा सांगितलं, बापानं लेकीच्या घरी जेवू नये हे सांगितलं.

"लग्न झालंय का तिचं?"

"होणारच आहे."

"आणि ते घर तिचं आहे का?"

काकांनी हातातली पळी खाली ठेवली.

"तुमच्या मते ती कुठे राहणार हे अजून ठरायचंय. मग तुम्ही तिथे पाणी घेऊन का गेलात? बाप जेवत नाही ते लेकीचं घर. म्हणजे बेडफर्ड हे तिचं घर, असा शिक्का तुम्हीच मारून आलात. विहिणीनं काही केलं नाही, ईशितानं काही केलं नाही. तुम्ही स्वतः मुलगी तिकडे पोचवलीत, आणि वर त्या बाईला जन्माचं दुखावलंत. कुणी सांगितलं होतं? पोलीस आला होता का?"

एवढं बोलायला नको होतं कदाचित, पण बोलले. काका खुर्चीवर बसले. खिचडी खाली लागल्याचा वास आला, तो गॅसही मीच बंद केला.

"मंजिरी असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती," ते म्हणाले. "पोर मला जवळ हवी, म्हणाली असती. तिला लाज नव्हती असल्या बाबतीत."

"मग तुम्ही म्हणा."

"आणि नाही म्हणाली तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "न मागता मिळालं नाही, तर निदान मागितलं नव्हतं एवढं तरी हातात राहतं. मागून नाही मिळालं तर मी काय करू गं?"

माझा राग तिथेच उतरला. या माणसाचे सगळे इटालियन, सगळे डावपेच, या एका प्रश्नावरचं पांघरूण होते. मी म्हटलं, काही करू नका, पण त्या बाईच्या घरी जाऊन जेवून तरी या.

त्यांनी रोझेत्ताला स्वतः फोन केला. फार बोलणं झालं नाही. "रविवारी या," ती म्हणाली. "भुकेले या."

त्या रविवारी आम्ही वाटेत कुठे थांबलो नाही. काका हात मांडीवर ठेवून बसले होते, नवा शर्ट घातला होता. टेबल तसंच मांडलेलं, पण या वेळी एकच लझान्या. रोझेत्तानं वाढायला घेतलं नाही. समोर बसली, हाताची घडी घालून. ईशिता आत सॅलड करत होती आणि मातेओ बिचारा न लागणारा ब्रेड कापत होता.

काकांनी सुरुवात केली ती फ्लॉरेन्सच्या दफ्तरदारापासूनच. सवय जाते थोडीच. तुमच्या देशात एक फार मोठा माणूस होऊन गेला, सत्ता टिकवायची असेल तर काय करावं हे त्यानं सांगून ठेवलंय, वगैरे.

रोझेत्तानं ऐकून घेतलं. "त्याला नोकरीवरून काढलं होतं ना?"

"हो," काका म्हणाले. "काढलं होतं. तुरुंगातही टाकलं होतं."

"मग त्याचं काय ऐकायचं? त्याला स्वतःची खुर्ची टिकवता आली नाही."

मातेओ ब्रेडकडे बघून हसला. काकांनी तोंड उघडलं, पण आतून दुसरा विचारवंत काही बाहेर येईना. मग ते बोलले. बोलले इंग्रजीत, मी मराठीत लिहिते आहे.

"रोझेत्ता, मी तेव्हा जेवलो नाही, कारण आमच्यात बाप मुलीच्या सासरी जेवत नाही. ते कारण मी तुम्हाला सांगू शकलो नाही, कारण सांगितलं असतं तर हे तिचं घर आहे हे कबूल करावं लागलं असतं. मला ते नको आहे. मला माझी मुलगी मेडनहेडला हवी आहे. माझ्याजवळ. तुमच्या जेवणात काही वाईट नव्हतं. मी गाडीत बसून कोरड्या पोळ्या खाल्ल्या आणि इथे वासानं जीव कासावीस झाला."

रोझेत्तानं हाताची घडी सोडली. "मला वाटलं माझ्या हाताची चव गेली," ती म्हणाली. "रात्रभर मी ते उरलेलं पुन्हा पुन्हा चाखून बघत होते." मग नाक पुसून म्हणाली, "मलापण माझा मुलगा जवळ हवा आहे. पण मी ते त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. रडून सांगितलं. तुम्ही नाही सांगितलंत?"

दारात ईशिता सॅलडचा बाउल घेऊन उभी होती. किती वेळची होती कुणास ठाऊक.

"बाबा, तू म्हणाला यू लाइक द क्वायट."

"खोटं बोललो."

"पण का?"

काका आता मराठीत आले. "तुझ्यावर ओझं नको म्हणून. आणि लाज वाटली म्हणून. घर खायला उठतं गं मला."

ईशितानं माझ्याकडे बघितलं. "घर... खातं? म्हणजे काय?"

मी सांगितलं. म्हटलं, रिकामं घर माणसाला सहन होत नाही, बसलं तरी नको वाटतं, झोपलं तरी नको वाटतं, त्याला आपल्यात असं म्हणतात.

तिनं बाउल टेबलावर ठेवला. "बाबा, मी इथल्या हॉस्पिटलचा जॉब घेतला. गुरुवारी. साइन पण केला. मला वाटला तुला मी नको."

काकांकडे प्रत्येक प्रसंगाला एक म्हण असायची, त्या प्रसंगाला नव्हती. त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "बरं केलंस. चांगली नोकरी असेल." मग लगेच स्वतःलाच दटावल्यासारखे म्हणाले, "नाही. बरं नाही केलंस. मला वाईट वाटलं. पण चूक माझी आहे."

ईशितानं जाऊन त्यांच्या गळ्यात हात टाकले. रोझेत्ता उठली, तिनं काकांच्या ताटात असा मोठा तुकडा वाढला की कडेनं सांडला, आणि काका जेवले. रडत जेवले. त्यांना हे लिहिलेलं आवडणार नाही, पण जेवले ते रडतच.

सप्टेंबरमध्ये लग्न झालं. ईशिता आणि मातेओ बेडफर्डला रोझेत्ताच्या वरच्या मजल्यावर राहतात. नोकरी घेतलेली होती, घर तयार होतं, आणि खरं सांगायचं तर तिथे त्यांचं चांगलं चाललं आहे. काका रविवारी सकाळी एलिझाबेथ लाइननं फॅरिंग्डनला जातात, तिथून थेम्सलिंक पकडून बेडफर्डला. विहिणीकडे पोटभर जेवतात, रोझेत्ताशी मिठावरून वाद घालतात आणि दिवेलागणीला परत येतात. सोमवार ते शनिवार घर पूर्वीसारखंच रिकामं असतं. त्यावर तोडगा निघालेला नाही. मंगळवारचा ग्रुप चालू आहे.

परवा मंडळाच्या मीटिंगमध्ये स्वानंदनं त्यांना चिडवलं. त्याच्या मनात काही नव्हतं, त्याची जीभच तशी आहे. "काय काका, एवढे इटालियन डावपेच शिकलात, आणि मुलगी शेवटी विहिणीनंच नेली?" सगळे हसले. मी उठून त्याला सुनावणारच होते. काकांनी हातानं मला खाली बसवलं.

"हरलो रे," ते म्हणाले. "साफ हरलो. फक्त आता ती जन्मभर असं म्हणणार नाही, की माझ्या बापाला मी नको होते."